मांडवाला खरंच आग लागली असेल तर?

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. हमरापूरला आमच्या बचत गटांच्या बायकांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय, 'सकारात्मक विचारांची जादू'. वक्ते बाहेरून आलेले, चांगले टापटीप. पंखे गरगर फिरत होते, तरी सगळ्या घामाने भिजलेल्या. बऱ्याच जणी कारखान्यातून तशाच उठून आल्या होत्या. कुणाच्या नखात सोनेरी रंग, कुणाच्या कोपराला बॉडी कलर. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, 'पेणचा गणपती' म्हणून जो तुमच्या घरी येतो, तो पेण शहरातलाच असेल असं नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा आजूबाजूच्या गावांत घरोघरी हा उद्योग चालतो. साचे भरणं, मूर्ती घासणं, रंग देणं, यात बायकांचा हात मोठा असतो.

सर बोलायला मात्र छान होते. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. स्वतःचा बंगला बघा म्हणाले, दारात गाडी बघा, गाडीचा रंगसुद्धा बघा! जे मनापासून मागाल ते विश्व तुम्हाला देतं. बायका हसल्या, पण डोळे मिटून बसल्या. खरं सांगायचं तर दुपारी तीन वाजता पंख्याखाली डोळे मिटून बसायला मिळणं हेच पुष्कळ होतं.

मग प्रश्नोत्तरं झाली. मागच्या रांगेतली एक वहिनी उठली. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा छोटा कारखाना आहे. कर्ज काढून माल करायचा आणि गणपती झाले की फेडायचं, हा इथला नेहमीचा हिशेब. तिने विचारलं, "सर, आमचा माल पीओपीचा. कोर्टात केस चालू आहे. विकायला परवानगी नाही मिळाली, तर आम्ही काय करायचं?"

प्रश्न अगदी खरा होता. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी घालणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली मे २०२० मधली. कोरोनाच्या त्या वर्षी लगेच तिला स्थगिती मिळाली आणि नंतरही ढकलाढकली होत राहिली. ३० जानेवारी २०२५ ला मात्र मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोरपणे पाळा असं बजावलं. तोवर घरोघरी माळ्यापर्यंत माल लागलेला होता. मे महिन्यात पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर हसले. म्हणाले, "ताई, तुमच्या प्रश्नातच 'नाही' आहे. तुम्ही 'नाही मिळाली' म्हणालात की विश्वाला तेच ऐकू जातं. आधी मनातला हा निगेटिव्ह विचार काढून टाका."

टाळ्या पडल्या. वहिनी खाली बसली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करायला हवं.

रात्री भांडी आवरताना तिचा चेहरा काही डोळ्यांसमोरून जाईना. तिने चुकीचं काय विचारलं होतं? आणि मग आपली जुनी म्हण आठवली. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! लहानपणापासून आपण या नाऱ्याला हसत आलो. पण मैत्रिणींनो, मांडवाला खरंच आग लागली असेल तर? मग त्या नाऱ्याने काय करायचं होतं, अक्षता टाकत उभं राहायचं?

आपल्याकडे हे पॉझिटिव्ह थिंकिंग पुस्तकांतून आलं असं आपण समजतो, पण घराघरात ते आधीपासून आहेच. संध्याकाळी वाईट बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते. दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. कुंकू संपलं म्हणायचं नाही. यामागची भावना मला समजते, आणि माझ्याही तोंडात हीच भाषा आहे. घरातल्या लहानांच्या कानावर सतत कुरकुर पडू नये, हे चांगलंच की. पण शुभ बोलण्याचा नियम इतका कडक झाला की अशुभ घडलेलं सांगायला माणूसच उरत नाही, तेव्हा घोटाळा होतो.

आता असं वाटेल की ही बाई सकारात्मक विचारांच्याच विरोधात आहे. तसं मुळीच नाही. त्याचा फायदा मी या डोळ्यांनी पाहिलाय.

२६ जुलै २००५ च्या पावसाने रायगडात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे. आमच्या ओळखीच्यांच्या कारखान्यात पाणी शिरलं होतं. शाडूच्या मूर्तींचा अक्षरशः चिखल झालेला. पीओपीच्या मूर्ती भिजून एकमेकींवर पडलेल्या, कुणाची सोंड गेली तर कुणाचा हात. घरातला कर्ता मुलगा डोक्याला हात लावून पायरीवर बसलेला. आणि त्याची आई, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो, पदर खोचून आत शिरली. म्हणाली, "गणपती यायचे थांबणारेत का? मग!"

हे वाक्य मी नंतर कितीतरी ठिकाणी सांगितलं. पण त्यापुढचं सांगायचं राहून जायचं, आणि खरी गंमत पुढेच आहे. आजींनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर नातीला वही घेऊन बसवलं. किती मूर्ती गेल्या, किती दुरुस्त होतील, कुठले साचे शाबूत आहेत, सगळं लिहून काढलं. मग मुलाला फोन करायला लावला. दोन व्यापाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, तुमचा माल या वर्षी होणार नाही, आत्ताच दुसरीकडे बघा. मुलगा म्हणत होता, आत्ता नको सांगायला, गिऱ्हाईक तुटेल, बघू जमलं तर. आजी म्हणाल्या, "जमणार नाही. बघून झालंय माझं." उरलेल्या मालावर घरच्या बायका, शेजारपाजारच्या बायका, आम्ही हौशी सुद्धा, दिवसरात्र बसलो. मी तेव्हा पहिल्यांदा पॉलिश पेपर हातात धरला. आजी रात्री एकट्या बसून रडायच्या, हेही मी पाहिलंय. सकाळी पुन्हा कामाला हजर.

आजींनी त्या वर्षी बंगला, गाडी काही डोळ्यांसमोर आणलं नसणार. समोर जे पडलंय ते मोजलं, आणि त्यातून जे होईल ते होईलच असा भरवसा धरला. त्या भरवशाला मी सकारात्मक विचार म्हणते. तो नसता तर मुलगा पायरीवरच बसून राहिला असता आणि सहा आठवडे तसेच गेले असते.

या विषयावरची थोडी पुस्तकं मी नंतर चाळली. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचा एक औषधवाला होऊन गेला. औषध देताना त्याचं कौतुक केलं की रोग्याला जास्त गुण येतो, असं त्याच्या लक्षात आलं. मग तो लोकांना रोज सकाळ-संध्याकाळ 'मी बरा होतोय' अशा अर्थाचं एक वाक्य म्हणायला लावू लागला. अमेरिकेत १९५२ साली नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मगुरूंचं सकारात्मक विचारांवरचं पुस्तक आलं, ते तर जगभर गेलं. आणि २००६ मध्ये आलं 'द सीक्रेट', आधी चित्रपट, मग पुस्तक. आमच्या सरांचं 'विश्व' तिथूनच आलेलं.

पण मला सगळ्यात पटलं ते गॅब्रिएल ओटिंगेन या बाईंचं काम. त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक. वजन कमी करू बघणाऱ्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. (वजनाचं नाव काढलं की आपले कान टवकारतात!) ज्यांना 'मला हे जमेल' असा भरवसा होता, त्यांचं वजन जास्त उतरलं. इथवर सर बरोबर. पण ज्या बायका आपण बारीक झालोय, मैत्रिणी थक्क झाल्यात, अशी गोड चित्रं रंगवत बसायच्या, त्यांचं वजन कमी उतरलं! भरवसा उपयोगी पडला, स्वप्नरंजन आड आलं. बाईंचं म्हणणं असं की मनात सगळं मिळालेलं बघितलं की मन तिथेच निवांत होतं, मग हातपाय हलवायला जोर उरत नाही. म्हणून त्या सांगतात, इच्छा मनात आणा, पण पाठोपाठ आड येणारी गोष्टही आणा, आणि ती आली तर काय करायचं ते ठरवून ठेवा. आमच्या वहिनीने दुसरं काय विचारलं होतं?

दुसरी गोष्ट सांगताना मला अजूनही जड जातं. आमच्या एका गटातल्या मावशींना छातीत गाठ लागली. त्यांनी जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, काहीतरी अभद्र बोलू नकोस, शुभ बोल. त्यांनी मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, "काही नसेल हो मावशी, काळजी करू नका." मला वाटलं, मी त्यांना धीर देतेय. सात महिने गेले. मग दुखायला लागलं तेव्हा मुंबईला नेलं. ऑपरेशन, किमो, सगळं झालं. आज त्या मीटिंगला येतात, पण ते सात महिने माझ्या हिशेबात आहेत.

त्याहून वाईट पुढे झालं. भेटायला येणारी प्रत्येक बाई त्यांना सांगायची, "पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार त्यानेच बरा होतो." एक दिवस त्या मला हळूच म्हणाल्या, "ताई, रात्री रडू येतं. पण रडायची पण भीती वाटते. रडल्यामुळे तो परत आला तर?"

मी काय बोलणार? आजाराचं दुखणं होतंच, त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एक अपराधीपणाचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. बरी झाले नाही तर चूक माझ्याच विचारांची!

डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रोग्यांचा एक अभ्यास अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मन आनंदी असलेले जास्त जगले आणि खचलेले कमी, असं काही त्यात आढळलं नाही. बार्बरा एहरनराइक या लेखिकेला स्वतःला स्तनांचा कॅन्सर झाला होता. सारखं हसतमुख राहा, आजाराला भेट समजा, हे ऐकून ऐकून त्या इतक्या संतापल्या की २००९ मध्ये त्यांनी त्यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. मी हे मावशींना माझ्या भाषेत सांगितलं. म्हटलं, तुमच्या रडण्याने गाठ येत नाही. रडा खुशाल. पण गोळी वेळेवर घ्या, आणि तपासणीची तारीख चुकवू नका. उमेद असली की माणूस वेळेवर जेवतो, औषध घेतो, डॉक्टरांकडे जातो, तेवढा तिचा उपयोग आहे आणि तो काही थोडाथोडका नाही. पण ती उमेद म्हणजे औषध नाही. जाता जाता, तिशी ओलांडलेल्या बायकांची स्तनांची, गर्भाशयाच्या तोंडाची आणि तोंडाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत करण्याची योजना आहे. तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा.

एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. 'पॉझिटिव्ह घे' हा सल्ला बायकांनाच जास्त दिला जातो. नवरा पिऊन येतो, हात उगारतो, तर म्हणे तू पॉझिटिव्ह विचार कर, सुधारेल तो. म्हणजे पितो एक आणि विचार सुधारायचे दुसरीने! घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे, ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, १८१ ही महिलांसाठी हेल्पलाइन आहे. तिथे आधी फोन करावा, विचार मागाहून सुधारता येतील. तसंच मनाच्या आजाराचं. जिला महिनोन् महिने झोप नाही, कशातच रस नाही, जगणं नको वाटतं, तिला 'चांगले विचार कर' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला चाल म्हणण्यासारखं आहे. तिला डॉक्टर लागतो. टेलिमानस म्हणून सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आमच्या तालुक्याला तर 'सगळं ठीक होईल' या वाक्याचा चांगलाच अनुभव आहे. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले, आणि जवळजवळ दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. कुणाचं लग्नासाठी ठेवलेलं, कुणाचं म्हातारपणाचं. होईल ठीक म्हणून घरी बसलेल्यांना काही मिळालं असतं असं वाटत नाही. जे हलले ते संघर्ष समिती करून मोर्चे काढणाऱ्यांमुळे, कोर्टात जाणाऱ्यांमुळे हललं. तेव्हा बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण एक लाखापर्यंत होतं, फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा लागू नाही. आपली ठेव नेमकी कुठे आहे हे विचारणं म्हणजे निगेटिव्ह असणं नव्हे बरं का! आणि 'नाही' म्हणण्याचं म्हणाल, तर २१ सप्टेंबर २००८ ला याच पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. लोकांनी रांगा लावून 'नाही' नोंदवलं. ते सेझ पुढे झालं नाही. विश्वाला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, सरकारला गेलं.

मग करायचं काय? मला अल्बर्ट एलिस या मानसतज्ज्ञांचा मार्ग जवळचा वाटतो. त्यांनी १९५५ च्या सुमाराला सुरू केलेली विवेकनिष्ठ पद्धत मराठीत बरीच रुजलीय. के. एम. फडके यांनी ती आपल्याकडे आणली, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी व्याख्यानांतून, पुस्तकांतून घरोघरी नेली. मला त्यातलं जेवढं समजलं ते असं : सगळं चांगलंच होईल असं मनाला बजावायचं नाही, कारण ते खोटं असतं आणि मनालाही ते कळतं. वाईट होऊ शकतं हे मान्य करायचं, आणि झालंच तर अवघड जाईल पण मी मोडून पडणार नाही, असं म्हणायचं. चिंता आणि काळजी यातही ते फरक करतात. चिंता माणसाला जागच्या जागी फिरवते, काळजी काम करायला लावते. सोपं नाही हे. मलाच मुलाच्या निकालाच्या दिवशी जमत नाही.

त्या व्याख्यानानंतर चार दिवसांनी मी वहिनीच्या कारखान्यावर गेले. आधी माफी मागितली, टाळ्यांबद्दल. ती हसली. मग आम्ही तिघी-चौघी बसलो आणि तिचा तोच प्रश्न पुन्हा समोर ठेवला : परवानगी नाही मिळाली तर? वही काढली. कर्जाचा हप्ता पुढे ढकलून मिळतो का ते विचारायचं ठरलं, व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम मागायचं ठरलं. घरगुती मापाच्या थोड्या मूर्ती शाडूच्या करून बघायच्या. तिच्या हाताला शाडूची सवय नाही. शाडूला वाळायला वेळ लागतो, वजन जास्त, जपावं लागतं, आणि पाऊस तोंडावर आलेला. वहीचं पान भरलं तेव्हा ती म्हणाली, "आज झोप लागेल."

९ जून २०२५ ला उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, विसर्जन मात्र नदी-समुद्रात परवानगीशिवाय करायचं नाही अशी अट घातली. पुढे जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायचं ठरलं. गावात पेढे वाटले. वहिनीचा पीओपीचा माल गेला. शाडूच्या मूर्तींतल्या बऱ्याचशा दमट हवेत तडकल्या, त्यात तिला थोडा तोटाच झाला. मला वाईट वाटलं, सल्ल्यात मीही होते ना. ती म्हणाली, "असू दे ताई. माती कशी तडकते ते तरी कळलं. पुढच्या वेळी दिवाळीनंतरच सुरुवात करीन, थंडीत वाळतील."

आणि जाता जाता विचारलं, "ते सर परत येणारेत का हो? आले तर मला कळवा. या वेळी मी पुढच्या रांगेत बसते."